गंगाक्काची भट्टी

गंगाक्काच्या भट्टीवर उभ्यानं प्यायची कुणाची टाप नव्हती. "बस, पी, आन् गुमान घराला जा," ती सांगायची. बायकोला मारणारा कुणी आला की मडक्यावर झाकण ठेवायची. "घरात वाघ हुतोस न्हवं? मंग इथं शेळी हून कामून आलास?" तो खाली मान घालून परतायचा.

ती आमची शेजारीण. बिदर सोडून चिंचोळीकडं जाताना डोंगर लागतात, तिथल्या उतारावर आमचं गाव. जमीन मुरमाड. तूर-ज्वारी पिकली तर पिकली. निजामाच्या अमलात इथं मोहाची फुलं आंबवून लग्नकार्याला, देवाला दारू गाळत. दारूच्या ठेकेदाराची माणसं आली की मडकी ओढ्याकाठच्या झुडपांत जायची. पुढं जंगलात जायची बंदी झाली, फुलं मिळेनात, मग गूळ आणि बाभळीची साल आली. हे सगळं गंगाक्का सासूकडून शिकली. नवरा लवकर गेला, तेव्हा तिनं त्याच विद्येवर घर चालवलं. मुलाला, दत्तूला, मात्र भट्टीजवळ फिरकू दिलं नाही. दारू विकण्यावरून कुणी काही बोललंच तर तिचं उत्तर ठरलेलं असे, "मी न्हाई दिली तर दुसरीकडं पितो."

तिचा धाकटा दीर माणिक तिच्याकडंच प्यायचा. त्याचं पोट फुगलं, डोळे हळदीसारखे झाले आणि तो गेला. दहाव्याला नदीवर त्याची बायको सुमित्रा सगळ्यांसमोर म्हणाली, "अक्का, माझं कुंकू तुझ्या मडक्यात बुडालं."

गंगाक्कानं तोंड उघडलं. "मी न्हाई दिली तर..." एवढंच म्हणाली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळी मडकी अंगणात आणली आणि एकेक करून दगडावर आपटली. त्या दिवसापासून ती दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाऊ लागली.

मडकी फुटली, पण गावाची तहान मिटली नाही. फाट्यावर परवान्याचं दुकान आलं. काचेची दारं, रंगीत दिवे. बायका दुकानासमोर ठाण मांडून बसल्या. गंगाक्काही गेली.

"तू कामून आलीस?" सुमित्रा ओरडली.

गंगाक्का मागं सरली. जरा लांब, लिंबाखाली बसली. दुपारी अबकारीचे साहेब आले. त्यांनी तिला लगेच ओळखलं आणि हसून बायकांना म्हणाले, "हिच्या भट्टीसमोर कधी बसला नव्हता तुम्ही. आता बऱ्या जाग्या झाला!"

गंगाक्का उठली. "सायेब, माझी दारू इख हुती, मान्य हाय. मंग ही काय औषध हाय?"

"अक्का, हे दुकान कर भरतंय," साहेब म्हणाले.

बायकांची तोंडं उतरली. एकेक उठून गेली. गंगाक्का हललीच तर पाणी प्यायला. दिवेलागणीपर्यंत तिथं एकटी बसून होती.

त्याच दुकानात पुढं दत्तूला नोकरी लागली. गल्ल्यावर बसायचं, इस्त्रीचा शर्ट घालायचा. लोक त्याला दत्तूशेठ म्हणू लागले. त्यानं आणलेल्या धान्याला गंगाक्कानं हात लावला नाही. वय झालं तरी खुरपं धरायची. मी एकदा म्हणालो, "अक्का, पोरगं चोरी तर करत न्हाई."

"व्हय, चोरी न्हाई," ती म्हणाली. "माणिक माझ्या दारूनं गेला, ते मी वळखलंय. ह्या दुकानाच्या दारूनं गेलेला कुणाच्या नावावर मांडायचा, तू सांग."



गेल्या उन्हाळ्यात ती गेली. दत्तूनं अग्नी दिला, डोकं भादरलं. दुपारी मालकाचा फोन आला तसा टोपी घालून गल्ल्यावर जाऊन बसला. दिवस मावळायला आला तरी घरात दिवा लावायला कुणी नव्हतं, म्हणून सुमित्रा त्याला बोलवायला फाट्यावर गेली. दुकानापुढच्या गर्दीत तिचा स्वतःचा मुलगा हात लांब करून उभा होता, आणि दत्तू त्याला बाटली देत होता.

ती कुणालाच हाक न मारता परत फिरली. गंगाक्काच्या घरात गेली, अक्कानं जीव सोडला त्या जागी पीठ पसरलं आणि त्यावर दिवा तिनंच ठेवला.