घरच्या माणसाची फाइल

“कुलूप लावलं काय?” फाइल पाठवण्याआधी सर माझ्या खुर्चीमागे येऊन एवढंच विचारायचे. जुन्या इमारती तपासून त्या वापरण्याजोग्या आहेत की नाहीत, याचा अहवाल देणारे ते अमरावतीतले इंजिनीअर. मी त्यांची टायपिस्ट. कुलूप म्हणजे पासवर्ड. अहवाल वाचता यावा, पण त्यातलं अक्षरही कोणाला बदलता येऊ नये.

सरांसारखा विखारी जिभेचा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. एका वयस्कर डॉक्टरांनी आपल्या इमारतीच्या अहवालाचं शुद्धलेखन सुधारायला म्हणून उघडी, बिनकुलपाची फाइल मागितली. सर म्हणाले, “तुमच्या गोळ्यांच्या चिठ्ठीत मी सुधारणा करू काय? माह्या बिल्डिंगीतबी माणसंच राह्यतात, डॉक्टर.” डॉक्टर चहा न घेताच उठले. त्यांचा चहाही सरच प्यायले.

सरांच्या मेव्हण्याचं भातकुलीच्या रस्त्यावर मंगल कार्यालय होतं. तिथली गॅलरी ठोकून पाहून सरांनी मला मजकूर सांगितला : ‘गॅलरी वापरण्यास योग्य नाही. वर कोणास चढू देऊ नये.’ मेव्हण्याला साधी, उघडी फाइल हवी होती. त्या वेळी बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, डबा घेऊन आल्या होत्या. “भाऊ आहे माहा. त्याच्यावरबी भरोसा नाही काय?”

सर चक्क हसले. मला म्हणाले, “राहू दे. घरचा माणूस आहे.”

लग्नसराईत पाहुण्यांसकट गॅलरी कोसळली. खाली अक्षता वाटत असलेली नवरीची मावशी जागीच गेली. मेव्हण्याने पोलिसांना सरांच्या सहीचा अहवाल दाखवला. त्यात ‘नाही’ नव्हतं. पुढचं वाक्यही नव्हतं.

मूळ अहवाल आमच्या कॉम्प्युटरवर होता. सरांनी तो पोलिसांना दिला, मेव्हण्याविरुद्ध जबाबही दिला. मेव्हणा सरांकडे बोट दाखवून सांगत सुटला, “यायनंच मागाहून बदलला.”

बाई ऑफिसात आल्या. माझ्यादेखत म्हणाल्या, “जबाब मागं घ्या. माह्या भावाले जेलात घालून माह्या हातचं जेवसान काय?”

“नाही जेवणार,” सर म्हणाले.

बाई अकोल्याला माहेरी गेल्या, त्या परतल्या नाहीत. मेव्हणा जामिनावर सुटला. कार्यालयाला नवा रंग लागला.

एके दिवशी सर मला घेऊन त्या मावशीच्या घरी गेले. भाजी पिकवून विकणारं घर. नवरा ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होता. बांधलेल्या जुड्या सुटत होत्या. ते काम बायकोचं असावं.

“मी लिहून देल्लं होतं,” सर म्हणाले, “वर कोणाले चढू देऊ नका म्हणून.”

त्याने मान वर केली नाही. “तिले सांगतलं व्हतं काय?”

सर खाली बसले. त्यांनी मेथी हातात घेतली, एक जुडी बांधली. त्या माणसाने ती त्यांच्या हातातून काढून घेतली, सोडली, आणि स्वतः पुन्हा बांधायला घेतली.

त्या दिवसानंतर सर ऑफिसात आले नाहीत. कुठे गेले, तेही कळलं नाही. पुढे ऑफिसच्या जागामालकाने दारावरची सरांच्या नावाची पाटी उतरवली आणि मला विचारलं, “ही कोणाले देऊ?”