बैठकीच्या सकाळी गेलेला आवाज

बैठकीच्या दिवशी सकाळी उठलो आणि तोंडातून आवाजच निघेना. नुसती हवा. तलावाच्या पाळीवर महादेवाचं देऊळ आहे, तिथं गेलो, पण हात जोडले नाहीत. पाठ करून बसलो. जन्मभर त्याला पहिलं पाणी घातलं आणि ज्या दिवशी बोलायचं होतं त्याच दिवशी यानं माझा गळा धरला!

मी दुसरी शिकलेला ढिवर. मासे धरण्यात जन्म गेला, पण बोलण्यात गावात कुणाला हार गेलो नाही. माझी नात जयू जन्मापासून बहिरी. ऐकणं नाही म्हणून बोलणंही नाही. अशा लेकरांना शिकवायला गावच्या शाळेत फिरत्या बाई येत. त्याच म्हणाल्या, "भाऊ, तालुक्याले बैठक आहे. जयूनं पुढं कसं शिकाचं, कुठी शिकाचं, ते तिथी ठरन. तिले काय येते, काय जमत नाई, ते घरच्यांनीच सांगाचं. तयारी करून या." जाता जाता त्यांनी चंद्रपूरच्या एका निवासी शाळेचं नाव काढलं आणि माझं डोकं फिरलं. माझी नात परक्या गावात, कुणाच्या भरवशावर? ठरवलं, असं बोलायचं की साहेबांनी त्या शाळेचं नाव पुन्हा काढू नये.

मग काय तयारी! पहाटे गार पाण्यातून जाळं ओढून आलो की ओल्या धोतरानंच देवळापुढे उभा राहायचो आणि नंदीला साहेब समजून भाषण ठोकायचो. "माही पोरगी फाटलं जाळं विणते, साहेब! मासा कुठी खेळून राह्यला ते पाळीवरून ओळखते! तिले काऊन घराबाहेर काढता?" अंगात नुसता जोर चढायचा. माझी म्हातारी पाण्याला यायची ती हसायची. "जरा दम घ्या. तुमी बोलत असले का महादेवालेबी मधात तोंड घालता येत नाई."

"त्याले बोलाचं असन तं बोलू दे ना! म्या काय त्याचं तोंड धरलं?"

आणि आता हे.

एसटीत जयू खिडकीशी बसली. वानरं दिसली की माझ्या मांडीवर थाप, सागाची लाकडं भरलेला ट्रक दिसला की थाप. माझा आवाज गेल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. तिच्याकरिता मी रोजच्यासारखाच होतो.

बैठकीच्या खोलीबाहेर व्हरांड्यात निळ्या रिबिनीची एक मोठी मुलगी आईबरोबर बसली होती. ओळख ना पाळख. ती जयूजवळ सरकली आणि हातानं काही विचारू लागली. काय त्या हातांचा वेग! मासा बुजू नये म्हणून आम्ही ढिवर पाण्यात खुणांनीच बोलतो, जयूशी माझं बोलणं तेवढ्याच खुणांत चाले. हे निराळंच होतं. थोड्या वेळानं जयू हसायला लागली, सगळं अंग हलवून. तशी हसताना मी तिला घरी पाहिलं नव्हतं. मुलीची आई म्हणाली, "माहीबी ऐकत नाई. चंद्रपूरच्या शाळेत हाये. सुटीत घरी आली तं तिले करमत नाई, भाऊ." आवाज असता तर त्या बाईला चार शब्द सुनावून जयूला तिथून उठवलं असतं.

आत बोलावलं. साहेबांनी मला विचारलं. मी गळ्यावर हात ठेवला. फिरत्या बाई म्हणाल्या, "भाऊंचा घसा बसला, सर. मंग जयूलेच विचारू." त्यांनी टेबलावर दोन फोटो ठेवले, एक आमच्या शाळेचा, एक चंद्रपूरच्या शाळेचा, त्यात तसल्याच निळ्या रिबिनीच्या मुली. जयूनं पाहिलं न पाहिलं आणि उठून दाराबाहेर धावली. मला वाटलं, भ्याली. तर त्या रिबिनवाल्या मुलीला ओढत आत घेऊन आली! तिला चंद्रपूरच्या फोटोशेजारी उभं केलं आणि माझ्याकडे वळली. डोळे नुसते लकाकत होते.

साहेब म्हणाले, "आजोबा, तुमच्या मनाविरुद्ध काही होणार नाही. काय करायचं?"

मान हलवायला आवाज लागत नाही. नाही म्हणता आलं असतं. पण नंदीपुढचं सगळं भाषण आठवून पाहिलं, त्यात जयूला काय पाहिजे ते कुठंच नव्हतं. हात आपोआप उठला. पाण्यात समोरच्यानं दोर फार ताणला तर जाळं फाटतं. तेव्हा तळहात उघडून पुढे करायचा, म्हणजे ढील दे. तीच खूण मी केली. जयूला ती लहानपणापासून कळते. तिनं येऊन मला अशी मिठी मारली की खुर्ची मागे गेली.

पुढे आवाज आला. गार पाण्यानं घसा बसला होता, असं लोक म्हणतात. असेल. मी वाद घालत नाही, आणि मी वाद घालत नाही यावर म्हातारीचा अजून विश्वास बसत नाही.

दिवाळीला जयू घरी आली. माझ्याकडे बोट दाखवायची, मग उघडा तळहात पुढे करायची, पुन्हा पुन्हा. फिरत्या बाईंनी उलगडून सांगितलं, "भाऊ, त्या शाळेत परत्येकाचं नाव हाताच्या खुणेचं असते. तिनं सगळ्या पोरींले तुमचं हे नाव शिकवलं."

महादेवा, तू मधात तोंड घातलंस ते बरं केलंस. आता पहाटे पाणी घालतो तेव्हा भाषण करत नाही. माझं नाव तेवढं तुला हातानं सांगतो.