सिनेमातून कापलेली दोस्ती

शाहूपुरीत मी ज्यांच्याकडे केस कापून घेतो, ते बोलायला लागले की त्यांची कात्री हवेतच थांबते. परवा त्यांनी मोबाईलवर एका सिनेमातून वगळलेला प्रसंग दाखवला. दोन मित्र एसटी स्टँडवर शेंगा खात भांडतात आणि त्यांची गाडी चुकते, एवढंच.

"हे कापलं, म्हणून शेवटी त्यो दोस्तासाठी जीव द्यायला निघतोय ते खोटं वाटतंय की, सर!"

"कंटाळवाणं होतं, म्हणून कापलं असेल," मी म्हणालो.

"दोस्ती कंटाळवाणीच असती की!" ते आरशातून माझ्यावर ओरडले आणि त्यांनी कात्री खाली ठेवली.

समोरच्या शिंप्याशी त्यांची जुनी मैत्री. पण पार्किंगच्या भांडणापासून बोलणं बंद होतं. बायको वारल्यापासून शिंपी मशीनपुढे नुसताच बसून असायचा. मला तसंच खुर्चीत सोडून ते रस्ता ओलांडून गेले आणि त्याच्या बाकड्यावर बसले. मी दारात येऊन बघत राहिलो.

"काय काम हाय?" शिंप्यानं विचारलं.

"काय न्हाय. बसलोय."

बराच वेळ दोघं रस्त्याकडं बघत बसले. मग शिंप्यानं शेजारच्या गाड्यावर दोन चहा सांगितले. दारात अर्धवट कापलेल्या केसांनी उभ्या असलेल्या माझ्याकडं त्याचं लक्ष गेलं, तसा तो ओरडला, "तीन कर रे!"