साडूभाऊ आणि आलेखातल्या खोडी

स्वतःची चूक सापडली म्हणून पेढे वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे यजमान, म्हणून आम्ही सगळे त्यांना साडूभाऊच म्हणतो. आता तर त्यांच्या कॉलनीतला दूधवालाही म्हणतो. भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात ते चाचणी विभागात इंजिनियर होते. यंत्र चालवायचं, तापवायचं, आकडे टिपायचे आणि त्या आकड्यांचा आलेख काढायचा, हे तिथलं काम. आलेख ग्राफपेपरवर पेन्सिलीने निघत. विभागात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे लोक त्याच्यावरचं प्लास्टिकचं कव्हर काढायलाही बिचकत होते. साडूभाऊंनी मात्र घरी स्वतःचा कॉम्प्युटर आणून, टाउनशिपमधल्या क्वार्टरच्या बैठकीत बसून, आकडे दिले की आलेख काढून देणारा एक प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं ‘रेषा’. ज्याला हवा त्याने फुकट न्यावा. आधी विभागातले लोक नेऊ लागले, मग कॉलेजातले प्राध्यापक, मग इंटरनेट आल्यावर कुठकुठले अनोळखी लोक. फोनवर साडूभाऊ म्हणत, “रेषा आज जरा अडकून राहिली आहे, उद्या पाहतो.” हे ऐकून ऐकून शेजारच्या नव्या बाईंनी एकदा ताईंना हळूच विचारलं, “आपकी बिटिया की तबीयत अब कैसी है?”

प्रोग्राममधल्या चुकीला ते चूक म्हणत नसत, खोड म्हणत. “माणसाला खोड असते तशी त्यालाही असते. रागवून जात नाही. शोधून काढावी लागते.” खोड सापडली की त्यांना कोण आनंद होई. आलेखावर नावं देवनागरीतच हवीत हा त्यांचा हट्ट होता, आणि पहिली मोठी खोड तिथेच निघाली. ‘विरुद्ध’ या शब्दातली वेलांटी छापताना पुढच्या अक्षरावर जाऊन बसे, त्यामुळे ‘तापमान विरुद्ध दाब’ असं लिहिलं की कागदावर काहीतरी भलतंच उमटे. एक अख्खा हिवाळा साडूभाऊ त्या वेलांटीच्या मागे होते. आम्ही जेवायला गेलो तर ते वरणभात कालवता कालवता एकदम थांबत आणि म्हणत, “ती पुढे जाते कशाला?” कोण पुढे जाते हे विचारायची गरज नसे. अखेर वेलांटी जागेवर बसली त्या दिवशी ते स्कूटरवरून आनंद नगरच्या मिठाईवाल्याकडे गेले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन थेट आमच्याकडे कोटरा सुल्तानाबादला आले. मी सरकारी कचेरीतला कारकून, आलेखाशी माझा संबंध शाळेतच संपलेला. पण त्यांचा चेहरा पाहून मला खरोखरच घरात काही शुभकार्य झाल्यासारखं वाटलं.

खोड निघाली की नवी आवृत्ती. नव्या आवृत्तीबरोबर एक छोटं टिपण असे: काय नवं, काय दुरुस्त, आणि काय अजून जमलेलं नाही. हे तिसरं सदर त्यांचं विशेष आवडतं. तिथे ते अगदी मनापासून लिहीत. ‘आलेख मोठा असल्यास प्रिंटर शेवटचा भाग गाळतो. कारण समजलेले नाही. क्षमस्व.’ स्वतःच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांशी बोलतानाही त्यांनी याच धर्तीवर मुलीची ओळख करून दिली, म्हणजे स्वयंपाक चांगला येतो, अलीकडे गाडी शिकली, सकाळी लवकर उठणे अजून जमलेले नाही. ताईंनी त्यांना कोपऱ्यात नेऊन जे काय सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण जेवणाच्या पंगतीत ते फक्त आग्रह करत होते. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांनी आरत्या वाढतील तशी गर्दी कशी ओसरते याचा आलेख काढून अध्यक्षांना दिला. अध्यक्ष आठवडाभर बोलले नाहीत. पण पुढच्या वर्षी आरत्या कमी झाल्या.

एका बाबतीत मात्र ते कमालीचे कडक होते. आकडा जिथे पडतो तिथेच ठिपका पडणार. आलेख सुंदर दिसावा म्हणून ठिपका इकडचा तिकडे होणार नाही. एकदा एका प्राध्यापकांनी सुचवलं, की ठिपके जोडणारी रेघ फार खडबडीत दिसते, जरा गुळगुळीत करता आली तर पुस्तकात छान दिसेल. साडूभाऊंनी बरेच दिवस टाळलं. मग निवृत्तीनंतर आनंद नगरला स्वतःच्या घरात राहायला गेल्यावर हाताशी वेळ होता, तेव्हा त्यांनी ते केलं. रेघ रेशमासारखी वळू लागली. लोकांची शाबासकीची पत्रं आली. साडूभाऊ मला ती कॉम्प्युटरवर उघडून दाखवत आणि वर म्हणत, “लोकांना आवडून राहिलं बाप्पा.” पण मला त्यांच्या आवाजात पेढ्यांची खुशी कधी जाणवली नाही.

मग एका रविवारी दुपारी ती मुलगी आली. मी तेव्हा तिथेच होतो. मृणाल तिचं नाव. अशोका गार्डनमध्ये राहणारी, विदर्भातून इकडे आलेल्या कुटुंबातली, काळी माती तापवली की किती आक्रसते यावर पीएचडी करत होती. तिने एका हाताने काढलेला ग्राफपेपर आणि एक छापलेला आलेख टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. छापलेल्या आलेखातली रेघ मध्येच एका जागी खाली जाऊन वर येत होती, रस्त्यात खड्डा असावा तशी. हाताने काढलेल्या आलेखात खड्डा नव्हता.

“सर, मी परत परत रीडिंग घेतली,” ती म्हणाली. “जितकी जास्त घेतली, तितका हा डिप खोल होत गेला. आमचे गाइड म्हणाले, ये तो नई बात है, याच्यावर लिहा. मी अख्खा चॅप्टर लिहिला. परसों लाइट गेली होती, म्हणून सहज हाताने काढून पाहिलं, तर डिपच नाही.”

साडूभाऊ आधी थोडे वडीलकीच्या सुरात म्हणाले, “बेटा, मशीनला तुम्ही जे देता तेच ती दाखवते.” मग त्यांनी तिचे आकडे घातले. खड्डा आला. त्यांनी जुनी, खडबडीत रेघेची आवृत्ती काढून त्यात तेच आकडे घातले. खड्डा नाही. ताईंनी पोहे आणून ठेवले होते, ते तसेच निवत गेले. बराच वेळ ते पडद्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

“तुम्ही एकाच तापमानाला दोन-दोनदा माप घेतलं ना?”

“हो सर. खात्री करायला.”

“तिथेच रेघ घसरते. एका जागी दोन ठिपके आले की तिला कुठे जावं कळत नाही, आणि गुळगुळीत राहायच्या नादात ती खाली डुबकी मारते. ज्याने एकदाच मोजलं, त्याचं काही बिघडलं नसतं. तुम्ही जास्त नीट मोजलं म्हणून फसलात.”

तिने दोन्ही कागद पुन्हा एकावर एक ठेवून पाहिले. मग तिने हळूच विचारलं, “मतलब माझं सगळं बरोबर होतं?”

“तुमचं सगळं बरोबर होतं. खोड माझी आहे.”

मुलगी रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने निवलेल्या पोह्यांची बशी जवळ ओढली आणि खाऊ लागली. बऱ्याच दिवसांनी नीट जेवत असावी तशी.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि साडूभाऊंना स्कूटरवर मागे बसवून तिच्या कॉलेजात नेलं. गाइडसाहेब चांगले गृहस्थ होते, पण त्यांचा त्या खड्ड्यावर फार जीव जडला होता; एका परिषदेत त्यावर बोलायची त्यांची तयारी चालली होती. साडूभाऊंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गाइडसाहेब चष्मा काढून म्हणाले, “इतना अच्छा डिप था.”

“सर, डिप मेरा था,” साडूभाऊ म्हणाले, “मिट्टी का नहीं.”

चष्मा परत डोळ्यांवर गेला. मग गाइडसाहेबांनी मृणालकडे वळून विचारलं, की तो चॅप्टर काढून बाकीचं कधी देशील. ती म्हणाली, “महिनाभरात, सर.” जिना उतरताना तिने वाकून साडूभाऊंना नमस्कार केला, तेव्हा ते इतके गडबडले की आशीर्वादाऐवजी “सॉरी” म्हणाले.

खोड काढायला त्यांना एक सकाळ पुरली. खरा प्रश्न पुढे होता. ज्यांनी ज्यांनी ती गुळगुळीत रेघ वापरली, त्यांचं काय? ताई म्हणाल्या, “नेहमीसारखी नवी आवृत्ती पाठवून द्या. खाली एका ओळीत लिहा, किरकोळ दुरुस्ती म्हणून. एवढा डंका पिटायची काय गरज आहे?” साडूभाऊ म्हणाले, “एखाद्याने छापून टाकलं असेल तर? त्याच्याकडे असा हाताने काढलेला कागद नसेल ना.” आणि त्यांनी रेषा उघडली की सगळ्यात आधी दिसेल असं मोठ्या अक्षरांत लिहिलं, की मागच्या आवृत्तीत काढलेली रेघ खोटी असू शकते, कृपया आपले आलेख पुन्हा तपासा, चूक सर्वस्वी लेखकाची आहे. खोड हा शब्द त्यांनी त्या एकाच ठिकाणी वापरला नाही.

लोक रागावले. काहींनी टोचून लिहिलं, बरेच जण काही न लिहिता निघून गेले. ज्या जुन्या चाचणी विभागासाठी रेषा जन्मली होती, तिथेही विकतचं सॉफ्टवेअर आलं. त्या दिवसांत मी रविवारी गेलो की साडूभाऊ बागेत गुलाबांना पाणी घालताना दिसत, आणि कॉम्प्युटरवर ताईंनी विणलेलं जाळीदार कापड पडलेलं असे. मी विषय काढत नसे. तेच एकदा म्हणाले, “लोक गेले त्याचं काही नाही. पण ती पोरगी महिनोन् महिने माती तापवून राहिली होती, आणि मी इकडे शाबासकी वाचत होतो.”

ते कापड मृणालने काढलं. पदवी मिळाल्याचं सांगायला आली, बसली, आणि सहज म्हणाली, “सर, मला आता कॉलेजात शिकवायचं आहे. मुलांसाठी रेषा पाहिजे. खडबडीतवाली.” तिला जबलपूरला नोकरी लागली. तिचे विद्यार्थी भलभलते आकडे घालून रेषेला छळतात आणि ती त्यांच्या तक्रारी जमवून आनंद नगरला कळवते. साडूभाऊ फोनवर तिच्याशी वाद घालतात, हरतात, आणि फोन ठेवल्यावर दिवसभर खुशीत असतात.

मागच्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. एका डोळ्याने छान दिसतं, दुसऱ्याचं डॉक्टरांनाही फारसं सांगता येत नाही. मी भेटायला गेलो तेव्हा ते पडद्याला जवळजवळ नाक लावून बसले होते. नवी आवृत्ती नुकतीच पाठवली होती. मी टिपण वाचलं. काय नवं, या सदरात एकच ओळ होती: ‘रेघ थोडी जाड केली आहे. कारण वैयक्तिक.’

“मृणालचा फोन आला होता,” ते म्हणाले. “पोरं म्हणतात, फार जाड झाली, दोन ठिपके झाकून टाकते. बरोबर आहे त्यांचं.”

“मग पातळ करणार?”

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि पडद्यावरची ती रेघ डावीकडून उजवीकडे बोटाने हळूहळू चाचपली.

“करू,” ते म्हणाले. “थोडे दिवस राहू दे.”