खाडीच्या चिखलाची साक्ष

बंदराच्या विस्तारावरची जनसुनावणी कोकणात होती आणि मी अकोल्यात, इस्त्रीचा सदरा घालून मोबाईलसमोर बसलो होतो. सदऱ्याची गुंडी सारखी लावत-काढत होतो. नोकरीत असताना तिथल्या खाडीकाठाची पाहणी मीच केली होती. मी काळ्या मातीतला माणूस; जिथे पेरणी नाही ती जमीन पडीक, एवढंच मला ठाऊक. ओहोटीच्या चिखलात बायका शिंपले वेचताना दिसत होत्या, तरी अहवालात मी ‘पडीक’ लिहिलं. आता त्याच अहवालाच्या आधारावर तिथे भराव पडणार होता.

बायको म्हणाली, “आता काहून भिऊन राहिले? लिवतानी त नाही भ्याले!”

माझी पाळी आली. चूक माझी आहे, त्या चिखलावर घरं चालतात, असं मी एका दमात सांगून टाकलं.

पडद्यावर एक म्हातारी कोळीण उठली. “येवढी वर्सं कुठं व्हतास रं बाबा?”

सभागृह हसलं. मीही हसलो, डोळे पुसत. अधिकारी म्हणाले, “लेखी द्या, पुन्हा पाहणी करू.”

बायको कागद शोधेपर्यंतही मला दम निघेना. कॅलेंडरचं पान फाडून मी त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायलाच बसलो.