खंडेनवमीचं अनुदान

आमच्या घरात गळा सुधीरकडे आहे आणि अक्कल माझ्याकडे, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

सुधीर माझा धाकटा भाऊ. लग्नाच्या संगीतात आणि वाढदिवसांत गाणारी त्याची छोटी ऑर्केस्ट्रा पार्टी. इकडे हिंदी मुलखात, समता कॉलोनीतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत पार्टीचं सामान असे आणि मागच्या खोल्यांत आम्ही. (सामान वाढलं की आम्ही आणखी मागे सरकायचो.) कोरोना आला, लग्नं घरातल्या घरात उरकू लागली आणि पार्टी बसली. पुढे लग्नं धूमधडाक्यात सुरू झाली, पण तोवर लोकांना डीजेची चटक लागली होती. सुधीर तेलीबांध्याला एका दुकानात मोबाइलची कव्हरं विकायला लागला. आंघोळ करतानाही गाणारा माणूस साधी शीळ घालेना. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

अशात कळलं, की एक संस्था बंद पडलेल्या संगीत पार्ट्यांना पुन्हा उभं राहायला अनुदान देते आहे. पण नुसतं उभं राहून भागणार नव्हतं, पुढेही टिकायला हवं होतं. म्हणून अटी तीन: वीज कमी वापरायची, जनरेटर बंद करायचा आणि ध्वनिप्रदूषण घटवायचं. हे जमलं तर ठीक, नाहीतर दिवाळीत सगळं सामान विकून टाकायचं, असं सुधीरनं मनाशी ठरवलं होतं. मी त्याला म्हटलं, तू फक्त गा, बाकी सगळं माझ्यावर सोड. त्यानं सोडलं. तिथेच तो चुकला.

संस्थेच्या मॅडमचा फोन आला तो मीच घेतला. पार्टी ऐकायला कधी येऊ, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नवमीला या, दिवस चांगला आहे, सगळे घरीच असतात. सुधीरला मात्र मी फक्त वार सांगितला. तिथी कशाला सांगायची, तो काय मुंजीला निघाला होता?

आता आमच्याकडे खंडेनवमीला ज्याच्यावर घर चालतं त्याची पूजा होते. आणि एकदा पूजेत मांडलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशीची उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हात लावत नाही. आईनं मला पेटी आणि ढोलक तेवढं मांडायला सांगितलं होतं. पण यंदा अनुदान मिळायचं होतं, मग हात आखडता कशाला? मी कीबोर्ड मांडला. माइक, मिक्सर, स्पीकर मांडले. झांजा मांडल्या. वायरींच्या वेटोळ्यालाही हळदकुंकू वाहिलं. झेंडूची फुलं कमी पडली तेव्हा चौकात जाऊन आणखी आणली. अशी साग्रसंगीत पूजा आमच्या घरात आजवर झाली नव्हती!

तेवढ्यात सुधीर इस्त्रीचा कुर्ता घालून आला. बरोबर पुरानी बस्तीतले बिसाहू भैया, त्याचे जुने ढोलकवाले. दोघेही दारातच थबकले.

“दादा,” सुधीरनं अगदी हळू विचारलं, “मॅडम किती वाजता येऊन राहिल्या?”

“अकराला.”

“अन् हे सारं आज पूजेत काहून आहे?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मॅडमना फोन लावला, तर त्या निघाल्या होत्या. माझी मुलगी पिंकी, जी मराठीला नेहमी हिंदीत उत्तर देते, म्हणाली, “पापा, डेट भी आपने दी और पूजा भी आपने की?” मी तिला अभ्यासाला बसायला सांगितलं.

मग आईला विनवलं. नुसती ढोलक, तीही अर्धा तास. आई ढिम्म हलली नाही. “तुह्या बाबानं नवमीले कधी पेटीले हात नाही लावला. उद्या उत्तरपूजा झाली का वाजवा, काय वाजवाचं ते.”

सुधीर रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, “जाऊ दे दादा, मी दुकानात जातो.” आणि कुर्त्याच्या बाह्या दुमडायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बिसाहू भैया मात्र दारातून आत आले. ते स्वयंपाकघरात गेले आणि तेलाचा रिकामा पिपा घेऊन आले. त्याच्यावर बोटं वाजवून म्हणाले, “हव, चल जाही.” म्हणजे, हो, चालून जाईल. पिपा पूजेत नव्हता, त्यामुळे आईलाही काही बोलता येईना.

मॅडम आल्या. पूजा पाहून त्यांनी चपला काढल्या, हात जोडले. आमची पार्टी आता बिनविजेची आहे, असं मी त्यांना हिंदीतून ठणकावून सांगितलं. (बायकोनं मान फिरवली.) सुधीर खाली मांडी घालून बसला आणि त्यानं देवीचं गाणं उचललं. पहिल्या ओळीला आवाज फाटला. दुसऱ्या ओळीला तो सापडला. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत सुधीर गात होता, खिडकीशी शेजारचे जमले होते, आई डोळे मिटून डोलत होती. माझे डोळे भरून आले आणि त्या भरात मी टाळ्या वाजवायला लागलो.

गाणं चालू असताना मी टाळ्या वाजवायच्या नाहीत, हा आमच्या घरात मी लहान असल्यापासूनचा नियम आहे. सुधीरनं माझ्याकडे पाहिलं. बिसाहू भैयांचा हात पिप्यावरून घसरला. मला वाटलं, रंग भरतो आहे, म्हणून मी आणखी जोरात वाजवल्या. शेवटी आईनं डोळे न उघडता प्रसादाचं ताट माझ्यापुढे केलं. “धर. दोन्ही हातानं.”

दिवाळीच्या आधी मॅडमचा फोन आला. अनुदान मंजूर! मी सगळ्यांना हाका मारल्या. छातीवरचा धोंडा उतरला होता. सामान विकायचं नव्हतं, कव्हरंही फार दिवस विकायची नव्हती. माइक नाही, जनरेटर नाही, हे समितीला फार आवडलं, असं मॅडम सांगत होत्या. मग जरा अडखळल्या.

“ध्वनि प्रदूषण के बारे में एक बात पूछनी थी. वो जो ताली बजा रहे थे, वो पार्टी में हैं क्या?”

फोन स्पीकरवर होता. मी तोंड उघडण्याआधीच सुधीर म्हणाला, “नहीं मैडम, वो सिर्फ तारीख देते हैं.”

“फिर ठीक है,” मॅडम म्हणाल्या.

आता पार्टी जोरात आहे. पहिल्या दोन अटी सुधीर सांभाळतो. तिसरीसाठी कार्यक्रम सुरू होण्याआधी आई माझ्या दोन्ही हातांत ताट देते.