दार उघड, डॉट

लॅरी डिडिकची आणि माझी ओळख जुनी, पण ती सगळी दोन-दोन मिनिटांनी जमवलेली. सेंट ऑल्बनच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, पेनल्टी बॉक्सचं दार उघडायचं आणि लावायचं काम माझ्याकडे आहे. आइस हॉकीत कुणी आगळीक केली की रेफरी हात वर करतो, शिटी मारतो आणि त्या खेळाडूला दोन मिनिटं माझ्याकडे धाडून देतो. काचेच्या आड एक बाकडं, एक दार, दाराला खिटी आणि खिटीपाशी मी. माझा नवरा जेरी तिथे बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवायचा. तो गेला तेव्हा रिंकच्या कमिटीने मला फुलं दिली आणि ही जागा दिली. फुलं आठवड्यात वाळली, जागा अजून आहे.

बॉक्समध्ये येणारे बहुतेक जण शिव्या देतात, पाणी पितात आणि माझ्या बुटांवर थुंकतात. लॅरी मात्र आत आली की हेल्मेट मागे सरकवून विचारायची, "काय डॉट, आज काय रांधलंस?" मग मी सांगायची, ती नावं ठेवायची, आणि वेळ संपली की मी दार उघडायची. एका हंगामात ती इतक्यांदा यायची की तिच्या बापापेक्षा मलाच तिची जास्त खबर असायची.

तिचं खरं नाव लारिसा. झोरा नावाच्या गावची. झोरात दोन चर्च, एक धान्याचं कोठार आणि एक रिंक. चर्चमध्ये माणसं नाइलाजाने जातात आणि रिंकवर श्रद्धेने. तिचा बाप ऑरेस्ट ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. गावात मुलींचा संघ व्हायला मुलीच नव्हत्या, म्हणून त्याने पोरीला पोरांच्या संघात घातली. शेजारच्या गावांनी कुरकुर करू नये म्हणून कोचने लारिसाचं लॅरी केलं. हा कोच एरवी गावचा पोस्टमन होता आणि पत्रं वेळेवर वाटण्याबद्दल त्याची ख्याती मुळीच नव्हती. पण धडक मारायला शिकवावं ते त्यानेच. पोरांच्या हॉकीत तेरा-चौदाव्या वर्षी धडक सुरू होते. आइस हॉकीत चेंडूऐवजी रबरी चकती असते, तिला पक म्हणतात. तो लॅरीला सांगायचा, "पककडे बघू नकोस, पोटाकडे बघ. माणूस डोळ्यांनी फसवतो, खांद्याने फसवतो, पण जाईल तिकडे पोट घेऊनच जातो."

लॅरीने ते इतकं मनावर घेतलं की एका शनिवारी फादरचा मुलगाच (त्यांच्या चर्चचे फादर लग्न करतात) कठड्यावर जाऊन आपटला. रविवारी प्रार्थना झाल्यावर फादर ऑरेस्टला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरीचा खांदा फार छान आहे." झोरात याहून मोठा आशीर्वाद नाही.

मग ती मोठी झाली, शहरात आली, बायकांच्या संघात गेली आणि तिथे घोडं अडलं. बायकांच्या हॉकीत धडकेला बंदी. नियम करणाऱ्या साहेबांना वाटलं असावं की बायकांच्या बरगड्या बिस्किटाच्या असतात. मी चार पोरं जन्माला घातली आहेत, त्यातलं एक जन्मतःच जावळ, नखं आणि माझ्या सासऱ्यांचं डोकं घेऊन आलं. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण दाराशी बसणाऱ्या बाईला कोण विचारतो.

पहिल्याच सामन्यात लॅरीने एका उंच मुलीला पाडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली. चेहऱ्यावर नुसता गोंधळ.

"मी केलं काय?"

"धडक मारलीस."

"मग? तेच तर शिकवलंय मला."

"बायकांच्यात चालत नाही."

"मग बायकांच्यात चालतं तरी काय?"

"ओढणं, अडकवणं, घोट्यावर काठी मारणं. रेफरीला दिसलं नाही तर सगळं चालतं."

"पण सरळ समोरून जाऊन धडकायचं नाही?"

"नाही. ते असभ्य आहे."

ती इतकी हसली की माझ्या सूर्यफुलाच्या बिया सांडल्या. पण सवय काही गेली नाही. शिंक यावी तशी धडक यायची तिला. पुढेपुढे तर ती रेफरीची वाटही बघेना. समोरचीला पाडलं की लगेच वळायची आणि मान खाली घालून, काठी आडवी धरून माझ्या दाराकडे निघायची. शिटी मागाहून वाजायची.

या एका शिंकेने तिचं बरंच नुकसान केलं. देशाच्या संघाच्या निवडीला तिला दोनदा बोलावलं आणि दोनदा परत पाठवलं. खेळ उत्तम, पण बेशिस्त, असं म्हणाले. हे तिने मला बॉक्समध्येच सांगितलं. त्या दिवशी मी काय रांधलंय ते तिने विचारलं नाही. दोन मिनिटं संपली तेव्हा तिचे डोळे अजून ओले होते, आणि मला दार उघडावं लागलं. त्या दिवशी मला हॉकीचा मनापासून राग आला.

लोक तिला व्यावसायिक खेळाडू म्हणायचे. व्यवसाय तिचा भट्ट्या दुरुस्त करणं. आमच्याकडे प्रत्येक घराच्या तळघरात घर गरम ठेवायची भट्टी असते, आणि ऐन जानेवारीत ती बंद पडली की माणसं डॉक्टरच्या आधी लॅरीला फोन करायची. दिवसभर ती लोकांच्या तळघरांत काजळी खायची आणि संध्याकाळी येऊन व्यावसायिक व्हायची. लीगकडून जर्सी मिळायची, बसचा प्रवास मिळायचा आणि सामना संपल्यावर गार झालेला पिझ्झा मिळायचा. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंच्या आया, एखाददुसरा मित्र आणि एक म्हातारा, जो फक्त फुकटच्या कॉफीसाठी यायचा. इतकं सामसूम असायचं की मी बी फोडली तरी पलीकडच्या बाकावर ऐकू जायचं. शिटी वाजली की सगळ्यांचे कान बधिर व्हायचे.

एका वसंतात ती लीग बुडाली. कुणी रडलं नाही, कारण रडायला तेवढी माणसंच नव्हती. लॅरी भट्ट्या दुरुस्त करत राहिली, आणि मी पोरांच्या सामन्यांना पोरांच्या शिव्या खात राहिले.

आणि मग आली नवी लीग. पगार, टीव्ही, खच्चून भरलेलं नवंकोरं रिंक. आमच्या शहराचा संघ झाला, आणि बॉक्सच्या दाराशी दुसरं कुणी बसायला तयार नसल्याने कमिटीने मलाच तिकडे नेलं. नियमही बदलले. दोघी पकसाठी झगडत असल्या तर सरळ धडक चालेल. टाय लावलेले पुरुष टीव्हीवर बसून सांगायला लागले की बायकांची हॉकी आता खरी रंगतदार झाली. जे केल्याबद्दल लॅरीला उभा जन्म माझ्या शेजारी बसवलं, त्याच्यावर आता हे लोक टाळ्या वाजवणार होते. मी टीव्हीला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

लॅरीची तेव्हा चाळिशी जवळ आली होती आणि एक गुडघा निम्मा लोखंडाचा होता. तरी ती निवडीला गेली. कोच होती सिग्रिड, पूर्वी दुसऱ्या संघातून लॅरीविरुद्ध खेळलेली. तिचा पुढचा एक दात खोटा आहे, आणि खरा कुणी पाडला हे साऱ्या शहराला ठाऊक आहे. सिग्रिडने लॅरीला राखीव म्हणून ठेवलं. घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याच्या आठवड्यात बचावातल्या एकीचा घोटा मोडला आणि लॅरीला बोलावणं आलं. एका सामन्यापुरतं. पुढचं नंतर बघू, असं सिग्रिडने सांगितलं.

त्याच आठवड्यात माझी भट्टी बंद पडली. लॅरी आली आणि डोकं आत घालून कामाला लागली. मी पायरीवर बसून विचारलं, "काय म्हणते तुझी सिग्रिड?"

आतून आवाज आला, "म्हणते, तुला मी धडकेसाठी घेतलंय, आणि सरावात तू कुणाला बोटसुद्धा लावत नाहीस."

"का नाही लावत?"

"लावलं आणि रेफरीचा हात वर गेला तर? नियम कागदावर बदललाय, डॉट. रेफरीचा हात तोच आहे. सिग्रिडने स्वच्छ सांगितलंय, धडकेबद्दल एक जरी पेनल्टी आली तर बॅग उचलायची."

"आणि धडक मारलीच नाहीस तर?"

"तरी बॅग उचलायची."

"मग सोपं आहे की. दोन्हीकडून बॅगच उचलायची, तर एकीला आडवी करून उचल."

तिने डोकं बाहेर काढलं. नाकावर काजळी. "तुझी हॉकीतली अक्कल दारापुरतीच आहे."

"त्या दारातून सगळ्यात जास्त ये-जा तुझीच झाली आहे, बाई."

ती हसली नाही. पाना हातात फिरवत बसली आणि म्हणाली, "मला एकदाच बघायचंय गं. एक धडक मारायची आणि पुढे खेळत राहायचं. कसं असतं ते मला माहीतच नाही."

मी वर जाऊन पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, उकळायला टाकल्या. तिने ताट चाटूनपुसून खाल्लं आणि तिच्या आजीच्या मानाने माझ्या पिरोगी म्हणजे ओला पुठ्ठा आहे असं सांगून गेली. भट्टी मात्र त्या दिवसापासून मांजरासारखी घुरघुरते.

सामन्याला रिंक तुडुंब भरलं होतं. एवढी माणसं मी बायकांच्या हॉकीला कधी पाहिली नव्हती. लहान लहान मुली कठड्यापाशी हातमोजे आपटत होत्या. लॅरी खेळत होती, पण ओल्या फरशीवरून चालावं तशी. कुणाच्या अंगाला अंग लागू देत नव्हती. पलीकडच्या बाकाशी सिग्रिड जिभेने खोटा दात हलवत होती. शेवटच्या सत्रात एक-एक अशी बरोबरी होती, तेव्हा पाहुण्यांची ओडेट नावाची एक चपळ मुलगी पक घेऊन पलीकडच्या कठड्याने सुसाट निघाली. लॅरी समोर होती. ओडेटने डोळ्यांनी फसवलं, खांद्याने फसवलं. लॅरी पोटाकडे बघत होती. मला इतक्या लांबून कळलं.

धडक अशी बसली की सगळा कठडा थरथरला. ओडेट खाली, पक मोकळा, आमच्या मुली तो घेऊन पुढे पळाल्या. आणि रिंकभर असा आरडाओरडा उठला की माझ्या बिया पुन्हा सांडल्या. रेफरीचे दोन्ही हात खाली होते. हॉकी नीट चालू होती. फक्त लॅरी खेळत नव्हती. मान खाली घालून, काठी आडवी धरून ती सबंध रिंक ओलांडत माझ्याकडे येत होती.

तिने काचेवर थाप मारली. "दार उघड, डॉट."

"कशाला?"

"उघड ना. सगळे बघतायत."

"शिटी झालेली नाही."

"या गोंगाटात ऐकू येणार आहे का?"

"हात वर गेलेला नाही. मी बघितलंय. मला दुसरं काम काय असतं?"

"मग एवढे ओरडतायत कशाला माझ्यावर?"

"तुझ्यावर नाही, मूर्ख मुली. तुझ्यासाठी."

मी खिटी दोन्ही हातांनी दाबून धरली होती, न जाणो तिने ओढली तर. तिने मान वर केली. तिकडे ओडेट केव्हाच उठून पळायला लागली होती. जवळून जाता जाता रेफरीने लॅरीला विचारलं, "का हो बाई, खेळायचं नाही का आज?" लॅरीने वरच्या गर्दीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एवढ्या वर्षांत तिचा तो चेहरा मी पाहिला नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

पण हॉकीला कुणाच्या डोळ्यांतल्या पाण्याशी कर्तव्य नसतं. आमची चाल फसली, पक परत आला, आणि आमच्या पाचऐवजी चौघीच बचावाला. लॅरी लोखंडी गुडघ्यावर जिवाच्या आकांताने धावली, तोवर ओडेटने गोल करून टाकला. आम्ही हरलो.

सामना संपल्यावर मी मुद्दाम खोल्यांकडे गेले. सिग्रिडने लॅरीला बोळात उभी केली होती.

"गोल झाला तेव्हा तू कुठे होतीस?"

"पेनल्टी बॉक्सच्या दाराशी."

"कुणी पाठवलं होतं?"

"कुणी नाही."

सिग्रिडने दात हलवला. बराच वेळ हलवला. "माझी अट काय होती?"

"धडकेबद्दल पेनल्टी आली तर बॅग उचलायची."

"आली?"

"नाही."

"मग ठेव बॅग खाली. सकाळी सराव आहे. आणि माझ्या वेळी जरा यापेक्षा हळू मारली असतीस तर बरं झालं असतं."

घरी जाताना गाडीत लॅरी माझ्यावर उखडली. म्हणे मी दार उघडलं असतं तर निदान बसून दम तरी खाल्ला असता. मी म्हटलं, दार माझं आहे, कुणाला आत घ्यायचं ते मी ठरवीन. पण मला माहीत होतं तिला काय सलतंय. धडक मारून झाली होती. पुढे खेळत राहायचं तेवढं राहून गेलं होतं.

पुढच्या घरच्या सामन्यात तिने पहिल्याच सत्रात एकीला पाडलं. अगदी सरळ, नियमात. शिटी नाही. आणि तिचे पाय वळलेच माझ्याकडे. मी काचेतून पाहिलं, तीही पाहत होती. मी उठले, तिच्याकडे पाठ केली आणि दाराला टेकून उभी राहिले. मागून काहीच ऐकू आलं नाही, फक्त लोकांचा गलका. वळून पाहिलं तर ती पकच्या मागे पार पलीकडे पोचली होती.

मी बाकड्यावर बसले आणि बिया फोडायला लागले. त्या दिवशी मी कोबीच्या पानांत भात भरून शिजवला होता, आणि तो चांगला झाला होता. दोन मिनिटं होऊन गेली, मला कुणी काही विचारलं नाही.